डीपीएफचा दिवा सारखा लागतोय आणि इंजिन ऑइल वाढतंय

लाल_पिकअप:
डिझेल पिकअप आहे, चार सिलिंडर. फेऱ्या सगळ्या जवळच्या. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा सारखा लागतो, मग गाडी ओढतच नाही. वर ऑइल कमी व्हायचं सोडून वाढलंय, पट्टीवर वरच्या खुणेच्याही पुढे! वर्कशॉपवाला म्हणतो डीपीएफ बदला. बदलू?

काजळीकाका:
थांबा. आधी पट्टीचा वास घ्या. डिझेलचा आला तर ऑइल-फिल्टर बदलल्याशिवाय गाडी हलवू नका.

डीपीएफमधली काजळी जाळायला साधारण 600 अंश सेल्सिअस लागतात. तेवढी उष्णता आणायला बहुतेक इंजिनांत सिलिंडरमध्येच उशिरा जादा डिझेल मारतात. जवळच्या फेरीत तुम्ही जळणं पुरं व्हायच्या आधीच इंजिन बंद करता, काजळी तशीच राहते, पुढच्या वेळी पुन्हा तोच खेळ. दर वेळी थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. असं पातळ ऑइल आधी टर्बोची बेअरिंग खातं, मग क्रँकची.

आणि डीपीएफ बदलाल, पण काजळी येतेय कुठून? माझ्याकडे एक गाडी आली होती, नवा डीपीएफ घालूनही पुन्हा भरलेला. इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी हवा थंड करणारा भाग) होजला क्लॅम्पखाली चीर होती, अंगठ्याने दाबल्यावरच उघडायची. हवा कमी, धूर जास्त, एवढंच कारण. होज धड असेल तर ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकलाय का ते बघा, मग डिझेल फवारणारे इंजेक्टर. डीपीएफच्या प्रेशर सेन्सरच्या बारीक नळ्याही तपासा, त्या फाटल्या की सेन्सर खोटं सांगतो.

धूरकट:
एवढं कशाला? ईजीआर बंद करा, डीपीएफ पोकळ करा, मोकळे व्हा.

काजळीकाका:
@धूरकट, हा सल्ला देणारे पासिंगच्या वेळी कुठे असतात कोण जाणे. शिवाय इंजेक्टर गळत असेल तर डीपीएफ पोकळ करूनही गळतच राहणार, फक्त दिवा लागणार नाही. पिस्टनला भोक पडल्यावर कळेल.

लाल_पिकअप:
वास डिझेलचाच आहे. कूलंटही थोडं कमी दिसतंय, बाहेर गळती कुठेच नाही.

काजळीकाका:
मग ईजीआर कूलर (परत सोडलेला धूर कूलंटने थंड करणारा भाग) आतून फुटला असेल. थंड इंजिनवर प्रेशर टेस्ट करायला सांगा. गाडी टो करूनच न्या. आणि स्कॅनरवरचे चारही इंजेक्टरचे करेक्शनचे आकडे (कोणाचं डिझेल किती कमी-जास्त करावं लागतंय ते) इथे टाका, तोवर डीपीएफची ऑर्डर देऊ नका.