लघवीचं इन्फेक्शन, ताप नाही, तरी सेप्सिस?

नीता, बी-३०२: बाबांना (७६, डायबिटीस) चार दिवस लघवीला जळजळ होती. आज ताप नाही, पण सकाळपासून असंबद्ध बोलतायत, गुंगी आहे. घरात अझिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) आहे, देऊ का?

डॉ. मानसी, ए-५०१: नको. आधी शुगर बघा, मग बीपी. छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका, या वयात सेप्सिसमध्ये (इन्फेक्शनमुळे अवयव बिघडू लागतात तेव्हा) अंग उलट गारही पडतं.

नीता: शुगर २१२. श्वास २६. बीपी ९८/६०, एरवी १४० असतं. पल्स ८४. बीपीला मेटोप्रोलोल चालू आहे.

डॉ. मानसी: श्वास २२च्या वर, वरचं बीपी १००च्या खाली, शुद्धीत फरक. सेप्सिसच्या या तिन्ही धोक्याच्या खुणा आहेत. लगेच १०८. आयसीयू असलेलं हॉस्पिटलच गाठा. मेटोप्रोलोलमुळे नाडी वाढत नाही, त्या ८४ वर विसंबू नका. गुंगीत तोंडाने पाणीसुद्धा नको, ठसका लागून फुफ्फुसात जाईल.

डॉ. जोशी, सी-२०३ (मायक्रोबायोलॉजी): लघवीवाटे आलेल्या सेप्सिसमागे बहुतेकदा ई. कोलाय हा जंतू, त्याखालोखाल क्लेबसिएला. अझिथ्रोमायसिन लघवीत पुरेसं उतरतच नाही. कल्चरचं (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचं) रक्त दोन वेगवेगळ्या जागांहून, दर बाटलीत ८-१० मिली. कमी घेतलं की जंतू निसटतो. रक्त अँटिबायोटिकच्या आधी घ्यायचं, पण त्यापायी डोस लांबवायचा नाही. बीपी पडलंय तर पहिला डोस तासाभरात गेलाच पाहिजे. आपल्याकडच्या ई. कोलायवर बरेचदा सेफ्ट्रियाक्झोन चालत नाही, म्हणून डॉक्टर बहुधा त्याहून भारी मेरोपेनेमने सुरुवात करतील. रिपोर्ट आल्यावर साध्या औषधावर येता येतं.

रेखा सिस्टर, ए-१०४: सलाईन साधारण किलोमागे ३० मिली, म्हणजे ६० किलोला १८०० मिली, पहिल्या तीन तासांत. हार्ट किंवा किडनीचा त्रास असेल तर आत जातानाच सांगा. तरी बीपी चढलं नाही तर नॉरअॅड्रेनालिन, हे बीपी चढवणारं औषध. कॅथेटर लावून लघवी मोजतील, ताशी ३० मिली तरी हवी.

डॉ. मानसी: पोटाची सोनोग्राफी आजच मागा. प्रोस्टेट किंवा खड्यामुळे लघवी तुंबून वर किडनीत पू झाला असेल, तर कितीही भारी अँटिबायोटिक द्या, तिथे पोचत नाही. नळी टाकून तो बाहेर काढावाच लागतो. 'बघू, दोन दिवस औषध देऊन' असं इथे चालत नाही.

डॉ. जोशी: जुना युरिन कल्चर रिपोर्ट असेल तर न्या. मागे कुठला जंतू होता, कशाला दाद देत नव्हता, ते पाहून पहिलंच औषध बरोबर निवडता येतं.

नीता: मार्चचा आहे, फाईलमध्ये घेतला. अॅम्ब्युलन्स निघालीय.

सेक्रेटरी: वॉचमनला सांगितलंय, गेट उघडं आहे. लिफ्ट तिसऱ्यावर धरून ठेवलीय.