मैदानावर दात निखळला तर प्रथमोपचार पेटीत काय ठेवावं? (बजेट ५०० रु.)

कोपरारक्षक: तालुक्याच्या गावी १२ ते १६ वयाच्या मुलामुलींना कबड्डी शिकवतो. परवाच्या स्पर्धेत समोरच्या संघातल्या पोराला पकडीत गुडघा लागला आणि वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. त्यांच्या लोकांनी तो नळाखाली खसाखसा घासला, कोरड्या रुमालात बांधला. दातांचा डॉक्टर तासाभराच्या वाटेवर. दात गेलाच. आमच्या पेटीत बँडेज, स्प्रे, आयोडीन सगळं आहे, दातासाठी काही नाही. ५०० रुपयांत काय घेऊ?

पुणेरी_पालक: आधी दात पडूच नये हे बघा. लेक हॉकी खेळते, तिला डेंटिस्टकडे माप देऊन माउथगार्ड (दातांवर चढवायचं संरक्षक कवच) करून घेतलं. साडेतीन हजार गेले, पण काय बसलंय! प्रत्येक मुलाला करून घ्या.

चढाईबहाद्दर: बजेट वाचलंत का? आणि गार्ड घालून 'कबड्डी कबड्डी' असा दम घ्यायचा कसा? पंचाला स्पष्ट ऐकू आला नाही तर चढाई गेली.

पुणेरी_पालक: मापाच्या गार्डमध्ये नीट बोलता येतं. गरम पाण्यात मऊ करून चावायचं स्वस्तातलं वापरून मत बनवू नका.

मातीतला_गडी: हे सगळं मॅट आल्यापासून. आमच्या वेळी मातीत कुणाचे दात पडत नव्हते.

चढाईबहाद्दर: काका, गुडघा मातीतही गुडघाच असतो.

दुबईकर_नाशिक: दात ठेवायची खास बाटली मिळते. हँक्स सोल्यूशन म्हणजे पेशी जिवंत ठेवणारं क्षारांचं द्रावण असतं, आत छोटी जाळी. मी मागवून गाडीत ठेवलीय. याच्यापेक्षा भारी काही नाही.

सहावी_ब_ची_आई: आमच्या मुलाच्या शाळेतही होती. गरज पडली तेव्हा मुदत संपलेली निघाली. आणि दुबईच्या उन्हात गाडीत ठेवू नका हो.

आजीचा_बटवा: लवंगेचं तेल लावा, रक्त थांबायला हळद. दात नारळपाण्यात.

दाढदुखी_एमडीएस: दंतवैद्य आहे, कृपया लवंग-हळद नको. दाताच्या मुळावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो, सगळा खेळ त्याचा. म्हणून दात वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने हलकेच धुवा, घासू नका. मग लगेच त्याच खाचेत बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. १५ मिनिटांत बसला तर पेशी बहुधा वाचतात, तासभर कोरडा राहिला तर जवळजवळ मेल्याच. बसवता आला नाही तर थंड दुधात ठेवा. साधं पाणी वाईट, पण कोरडं ठेवण्यापेक्षा बरं. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते. मूल गुंगीत असेल, डोक्याला मार असेल तर तोंडात काही घालू नका, आधी दवाखाना.

सहावी_ब_ची_आई: मीही तेच म्हणते, दूध! छोटा टेट्रापॅक पेटीत टाका.

कोपरारक्षक: डॉक्टर, पोराचा दात मी स्वतः आत ढकलायचा? आणि मैदानाजवळ फ्रिज नाही, दुपारी दूध मिळत नाही.

दाढदुखी_एमडीएस: हो, ढकलायचा. फक्त पुढची बाजू पुढे येतेय ना बघा. त्या क्षणी फार दुखत नाही. दूध नसेल तर ओआरएसचं द्रावण चालतं, किंवा पोराला वाटीत थुंकायला लावून त्या लाळेत बुडवा. क्लिंग फिल्ममध्ये (अन्न झाकायच्या पातळ प्लास्टिकमध्ये) घट्ट गुंडाळला तरी वाळत नाही. पण माझं मत टेट्रापॅकलाच. नंतर डेंटिस्ट लवचीक तारेने साधारण दोन आठवडे बांधतात, धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारतात.

दुबईकर_नाशिक: बाटलीच घ्या, पैसा काय पुन्हा येतो.

मातीतला_गडी: मातीवर शिकवा.

कोपरारक्षक: सगळ्यांचे आभार. ठरवलं. बाटली, गार्ड, टेट्रापॅक यांतलं काही नाही. क्लिंग फिल्मचा रोल, ओआरएसच्या पुड्या आणि स्वच्छ सुती रुमाल घेतोय. उरलेल्या पैशांत मैदानाच्या कोपऱ्यावर बचाव करणाऱ्या पोरांना गुडघ्याचे पट्टे, कारण दात गुडघ्यानेच पडला होता. डॉक्टरांनी सांगितलेलं जाड अक्षरात लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलंय, सगळ्यात वर 'मुळाला हात लावू नका'. उद्याच्या सरावात मोठ्या मुलांकडून वाचून घेणार.

पुणेरी_पालक: गार्डशिवाय पट्ट्यांनी काय होणार?

दाढदुखी_एमडीएस: चालेल. पेटीत डेंटिस्टचा फोन नंबरही लिहा, रविवारी कोण उघडं असतं ते आत्ताच विचारून ठेवा.