पाणी बाहेरच्या हवेतलं नाही
बेळगावच्या पावसाळी दमट हवेनं फ्युएल सेलमध्ये (हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून वीज करणाऱ्या सेलमध्ये) पाणी तुंबतं असं काहीजण म्हणतात, पण 70 अंशावर चालणाऱ्या सेलला ते लागू होत नाही बघा. 25 अंशाची पूर्ण ओली हवा 70 ला तापली की तिची सापेक्ष आर्द्रता जेमतेम 10 टक्के उरते, म्हणजे उलट ती मेम्ब्रेन (सेलमधला ओलसर राहावा लागणारा पातळ पडदा) वाळवायलाच बघते. पाणी सेल स्वतःच तयार करतो, 100 अँपिअरला प्रत्येक सेलमागं तासाला साधारण 33 ग्रॅम, आणि सेल गार असताना चालू केला की तेच चॅनलमध्ये, म्हणजे हवा जायच्या बारीक खाचांत, साचतं.

आम्ही बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सेलच्या ग्रॅफाइटच्या प्लेटींवर मिलिमीटरभर रुंदीचे समांतर आणि नागमोडी असे दोन्ही चॅनल पाडून घेतले होते. समांतरमध्ये एका चॅनलला पाण्याचा गट्टू बसला की हवा बाकीच्यांतून निघून जाते, गट्टू तिथंच, आणि प्रेशर गेज फारसा हलतच नाही, व्होल्टेज पडल्यावरच कळतं! नागमोडीला दुसरी वाटच नाही, मागं प्रेशर चढतं आणि पाणी ढकललं जातं. हवा ढकलणाऱ्या पंपाला जास्त वीज लागते हे खरंय, पण छोट्या सेलला मी तरी नागमोडीच घेईन.