बॉम्बे टॉकीजच्या जागेवर कामगारांच्या नावाची पाटी हवी की नको?

धागाकर्ता, परभणी : दिवाळीत मालाडला मामाकडं गेलो होतो. त्यानं मुद्दाम बॉम्बे टॉकीजचं कंपाउंड दाखवायला नेलं. हिमांशू राय आणि देविका राणींनी १९३४ साली काढलेला हा स्टुडिओ. आता तिथं गाळे आहेत, आणि पडक्या भिंतीच्या फटीतून पिंपळ वर आलाय. मामा ७२च्या दुष्काळात जिंतूरहून मुंबईला गेला, पुढं गोरेगावात लाईटमन झाला. तापलेल्या लाईटच्या पत्र्यानं भाजल्याचा डाग अजून तळहातावर आहे. तो भिंतीवर हात ठेवून बराच वेळ गप्प उभा होता.

स्टुडिओ डबघाईला आला तेव्हा तिथल्या कामगारांनी सहकारी सोसायटी काढून १९५४ला 'बादबान' पडद्यावर आणला. इतिहास सांगताना नटनट्यांची नावं येतात, हे कुणी सांगतच नाही. मालाड घडवलं ते या स्टुडिओनं. तिथं पाटी लागावी आणि तिच्यावर कामगार आधी यावेत.

प्रतिसाद, लातूर : मला नाही पटत. मालाड स्टुडिओनं घडवलं म्हणता, पण १९२८लाच विजेची लोकल बोरिवलीपर्यंत गेली होती. वस्ती तिनं वाढवली. आणि माझा चुलतभाऊ तिथल्याच एका गाळ्यात लेथवर आहे. एकदा 'वारसा' म्हटलं की आधी भाडेकरूच उठतो. आपल्याच पोरांची भाकर जायची. चेंबूरच्या राज कपूरच्या आरके स्टुडिओचं काय झालं? २०१७ला आग, २०१९ला बिल्डरला विक्री. मोठ्या नावानंही जागा वाचली नाही.

धागाकर्ता : भाकरीचं तुमचं खरंय, दादा. गाळे हलवा असं मी म्हणतच नाही. पण लोकलनं माणूस नुसता आणून सोडला, त्याला तिथं धरून ठेवलं ते कामानं. सुतार, रंगारी, शिंपी, लाईटवाले. १९४३ला निर्माते शशधर मुखर्जी, नट अशोककुमार बॉम्बे टॉकीजमधून बाहेर पडले आणि शेजारच्या गोरेगावात फिल्मिस्तान स्टुडिओ उभा राहिला. १९७७ला चित्रनगरीही गोरेगावातच झाली. हे आपोआप होतं का?

प्रतिसाद, बीड : एक भर घालते. बॉम्बे टॉकीजचे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि कॅमेरामन योसेफ विर्शिंग जर्मन. १९३९ला युद्ध पेटलं आणि इंग्रजांनी त्यांना पकडलं. तरी स्टुडिओ बंद पडला नाही. १९४३चा 'किस्मत' सिनेमा त्यानंतरचा, इथं शिकलेल्या माणसांनी केलेला. पाटीवर हेही हवं.

प्रतिसाद, लातूर : 'बादबान'ची गोष्ट मला ठाऊक नव्हती, भावाला आजच सांगतो. पाटीला हरकत नाही. पण गाळ्यांना हात लागणार नाही हे आधी लेखी घ्या, मग पहिली सही माझी.