जन्मदर घटला, तर जाब फक्त नोकरदार आईलाच का?

सह्यवासी (धागालेखक):
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यभरात होणाऱ्या मुलांची सरासरी, १.७ नोंदवला गेला. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ च्या तो बराच खाली असल्याने ‘शिकलेल्या मुलींना करिअरपुढे मूल नको असते’ हा ठपका घरोघरी ऐकू येतो. मला तो अन्यायाचा वाटतो. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली खरी. पण सत्ताविसाव्या आठवड्यात बाळाला कोणापाशी ठेवायचे, हे त्या आईनेच बघायचे असते. ठाण्यात माझ्या भाचीचे पाळणाघर साडेसहाला बंद होते आणि लोकल चुकली की बहिणीला फलाटावरूनच मावशींना ‘अजून वीस मिनिटे थांबा’ अशी विनवणी करावी लागते. दुसऱ्या मुलाचा विषय तिच्यापुढे कोणत्या तोंडाने काढायचा?

घाटमाथा:
असहमत. याच सर्वेक्षणात पंजाबचा दर १.६ आहे आणि तिथे नोकरदार स्त्रियांचे प्रमाण काही फार नाही. शाळेची फी आणि घराचा हप्ता गृहिणीच्या घरातही चुकत नाही. शिवाय ज्या महाराष्ट्रात दोनांहून अधिक अपत्ये असणाऱ्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, तिथे घटलेल्या जन्मदराला संकट का म्हणावे?

लेखापाल:
मी लहान कारखान्यांचे हिशेब पाहतो. कर्मचारी राज्य विमा योजनेबाहेरच्या कर्मचारी स्त्रीचा २६ आठवड्यांचा पगार एकट्या मालकावर पडतो, म्हणून मुलाखतीला नवविवाहित मुलगी आली की तिचे नाव मागे पडते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पाळणाघराची सक्तीही ५० कर्मचाऱ्यांपासून पुढेच लागू होते. आणखी सवलती मागाल, तर तिची नोकरीच जाईल.

सह्यवासी:
घाटमाथा, जन्मदर नोकरीमुळे घटला हा ठपकाच मी खोडतो आहे. तुमचे पंजाबचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. मात्र दर हे संकट असो वा नसो, ज्या जोडप्याला दुसरे मूल हवे आहे त्याची अडचण खरीच आहे. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर असे काम करणारे पुरुष ९७. लेखापाल, खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसाचीही पितृत्व रजा नाही. ती सक्तीची केली, तर मुलाखतीत केवळ मुलीचेच नाव मागे टाकण्याचे कारण उरणार नाही.

लेखापाल:
पितृत्व रजेचा खर्च सामाईक विमा निधीतून होणार असेल, तर माझी हरकत नाही. मालकाच्याच माथी मारणार असाल, तर माझा विरोध कायम आहे.