प्लेक्ट्रमवर टेनरचं ट्यूनिंग?
कुणीतरी म्हटलंय की चार तारांचे बँजो सगळे सारखेच, फक्त ट्यूनिंग बदलायचं. नाही हो, टेनर आणि प्लेक्ट्रम हे चार तारांच्या बँजोचे दोन वेगळे प्रकार. टेनरची मान आखूड, तिच्यावरचे पडदे (फ्रेट) १७ किंवा १९. प्लेक्ट्रमला पडदे २२ आणि घोडी (तारा टेकतात ती पट्टी) ते नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) इथपर्यंतची तार साधारण २६-२७ इंच. म्हणजे पाच तारी बँजोच, आखूड पाचवी तार काढलेला. म्हणून ट्यूनिंग खालच्या स्वराकडून वरच्या स्वराकडे सी-जी-बी-डी. तिथे टेनरचं सी-जी-डी-ए लावायला गेलात तर वरची तार डीवरून एपर्यंत सात स्वरस्थानं चढवावी लागते; एवढ्या लांबीवर ती बहुधा वाटेतच तुटते. गिटारवाल्यांनी गिटारच्या वरच्या चार तारांसारखं डी-जी-बी-ई लावावं, बोटं ओळखीचीच राहतात.

आणि प्लेक्ट्रम हा फक्त ठेका धरायचा बँजो नव्हे. अमेरिकन बँजोवादक एडी पीबॉडी यावर वरच्या तारेत धून आणि खाली कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर), दोन्ही एकाच नखीनं वाजवायचा. (आपल्याकडच्या बेंजो पार्टीतला बटणांचा बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, तो वेगळाच.)