मदत हवी आहे: सात वर्षांच्या मुलीला बायोलॉजिक सुरू करायचं आहे

नमस्कार. माझ्या मुलीला जेआयए, म्हणजे लहान मुलांचा संधिवात आहे. दोन्ही गुडघे आणि उजवा घोटा. सकाळी सांधे इतके आखडलेले असतात की जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून ती एकेक पायरी आडवी उतरते. दुपारी हीच मुलगी पळत असते, त्यामुळे लोकांना वाटतं, हिला काही झालेलंच नाही.

आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचं इंजेक्शन आणि फॉलिक अ‍ॅसिड चालू आहे. गुडघ्यांची सूज बरीच उतरली. पण आता त्या औषधाचा पिवळा रंग नुसता दिसला तरी तिला मळमळतं.

खरी काळजी डोळ्यांची आहे. एएनए ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह, म्हणजे डोळ्यांना दाहाचा धोका जास्त, असल्यामुळे दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) तपासणी असते. या वेळी युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला दाह, निघाला. डोळा लाल नाही, दुखत नाही, तिची काहीच तक्रार नाही! स्टेरॉइडचे थेंब चालू आहेत, पण त्यांवर फार काळ राहिलं तर मोतीबिंदू-काचबिंदूचा धोका. म्हणून डॉक्टर मेथोट्रेक्सेटसोबत दर पंधरा दिवसांनी अ‍ॅडलिम्युमॅब हे बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेलं, दाह वाढवणारं टीएनएफ हे प्रथिन अडवणारं औषध, द्या म्हणतात. एटानर्सेप्ट हे याच गटातलं दुसरं औषध सांध्यांना चांगलं, पण डोळ्यांना तितकं उपयोगी नाही, म्हणून ते नको.

कारण पटलंय, तरी मन धजावत नाही. या गटातल्या औषधांवर २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मुलांमधल्या कॅन्सरबद्दल इशारा दिला, ते वाचल्यापासून झोप नाही. तुम्ही हे डॉक्टरांशी कसं बोललात? शिवाय तिचा कांजिण्यांच्या लशीचा दुसरा डोस राहिलाय. आणि सुई फार दुखते का?

प्रतिसाद:
ताई, माझा मुलगा याच औषधावर आहे, म्हणून लिहितेय. त्या इशाऱ्याबद्दल मी डॉक्टरांना सरळच विचारलं होतं. त्यांनी सांगितलं की असे आजार थोडेच आढळलेत, त्यातली बरीच मुलं इतरही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत होती, आणि मुळात जेआयएमध्येच हा धोका किंचित जास्त असू शकतो. त्यामुळे नेमकं बोट औषधाकडे दाखवणं अवघड आहे. मला तेवढं पुरलं. डोळ्यातला दाह मात्र थांबत नाही, नजर गेली तर परत येत नाही.

लशीचं आजच विचारा, पहिल्या इंजेक्शनच्या आधी. कांजिण्या, गोवर या जिवंत लशी बायोलॉजिक चालू असताना सहसा देत नाहीत. आधी द्यायची की डोळ्यांसाठी न थांबता औषध सुरू करायचं, हे डॉक्टरच ठरवतील. टीबीची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या, दबलेला टीबी या औषधाने उसळू शकतो. फ्लूची इंजेक्शनवाली लस चालते.

सुईचं म्हणाल तर सायट्रेट हा आग करणारा घटक नसलेला इंजेक्शनचा पेन मागा, आग खूपच कमी होते. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, पण गरम करू नका. मांडी दर वेळी बदला. पेन माझा मुलगा स्वतः धरतो आणि मोठ्याने आकडे मोजतो. त्याच्या हातात काहीतरी आहे, याचा त्याला फार आधार वाटतो. ताप असेल त्या दिवशी मात्र डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.